सोडलेला राजा

सुमाताईने साठीनंतर बुद्धिबळ शिकायला घेतलं. फक्त उंट आणि घोडा उरले असताना मात कशी करायची, हे तिने महिनाभर घोटलं होतं. तालुक्याच्या स्पर्धेत नेमकी तीच वेळ आली. समोरच्या मुलीचा एकटा राजा कोपऱ्यात कोंडला होता. पन्नास चालींत मात झाली नाही तर बरोबरी, आणि तीस संपल्या होत्या. तेवढ्यात ताईने घोडा बाजूला घेतला. राजा बाहेर निघाला. बघणाऱ्यांत बसलेली मी खुर्चीच्या कडेला सरकले. हाती आलेलं आपण होऊन सोडायचं, हे मला कधीच जमलेलं नाही.

पन्नास चाली संपायच्या आत, पलीकडच्या काळ्या कोपऱ्यात मात झाली.

“सोडलास कशाला त्याला?” मी बाहेर विचारलं.

“तो कोपरा पांढरा, माझा उंट काळ्या घरांचा. तिथे मात होतच नाही गं.”

“आणि निसटला असता तर?”

ताईने पाण्याची बाटली माझ्यापुढे धरली. “उघडून दे गं. तीच भीती होती, अजून झाकण फिरवता येत नाही.”