गाडीच्या छपरावरचे ऊन

अंबालाल नानांची आणि माझी पहिली भेट शहाद्याजवळ त्यांच्या केळीच्या मळ्यात झाली. आमच्या संस्थेच्या फिरत्या दवाखान्याची गाडी मी चालवतो. लसींचा फ्रीज चालू राहावा म्हणून डोंगरात दिवसभर इंजिन सुरू ठेवावे लागे आणि धुरामुळे आया बाळांना घेऊन लांबच बसत. हे ऐकून नानांनी गाडी मळ्यात बोलावली आणि स्वतःच्या पंपासाठी आणलेली दोन सौर पॅनल छपरावर बसवून दिली. पंपाचे काय, असे मी विचारले. ते म्हणाले, माझ्या मळ्यात वीज आहे, तुझ्या पाड्यांवर तारच नाही.

पुढे नाना स्वतः दौऱ्यावर येऊ लागले. काठी गावाच्या पुढच्या एका पाड्यावर सकाळीच फ्रीजचा लाल दिवा लागला. रात्रभरात बॅटरी उतरली होती, बाहेर मात्र लख्ख ऊन. पॅनल बसवल्यापासून फ्रीज इंजिनाला जोडलेलाच नव्हता. दुरून चालत आलेल्या आया रांगेत होत्या. लस गरम झाली तर ती टाकून द्यावी लागणार होती, आणि सोबतच्या नर्स सिस्टरांच्या पेटीतला बर्फही वितळत आला होता. फ्यूज तपासून मी एकेक वायर सोडवायला घेतली. तेवढ्यात शिडीवरून नानांचा आवाज आला.

“वायरी नको सोडू. वर ये, देख. आपली गाडीवर मोहू वाळी ऱ्हायना.”

पॅनलवर मोहाची फुले दाट पसरलेली होती. फुले वाळवायला शेळ्या-कोंबड्या पोहोचणार नाहीत अशी स्वच्छ जागा समोरच्या घरातल्या आजींना सापडली होती. मी घाईने ओंजळी भरून खाली टाकू लागलो, तर नानांनी हात धरला.

“फेकू नको, भाऊ. आजीनी पहाटफाईन येचेल शे.”

त्यांनी खाट मागवली, आजींनी पहाटेपासून वेचलेली फुले टोपलीने उतरवून तिच्यावर पसरली आणि काठी घेऊन राखणीला बसले. शेळ्यांपेक्षा या म्हाताऱ्यावरच लक्ष ठेवावे लागेल, असे आजी त्यांच्या पावरी बोलीत म्हणाल्या. सिस्टरांनी ते सांगितल्यावर नानाच सर्वांत मोठ्याने हसले.

काही वेळाने लाल दिवा विझला. सिस्टरांनी तापमापक दोनदा पाहिला. “लस चांगली आहे. पहिल्या बाळाला आणा.” मी चाकाला टेकून खालीच बसलो.

तेव्हापासून नानांनी दिलेली ताडपत्री गाडीत असते. पाहुण्याची गाडी म्हणून गावकरी सावलीतली जागा देतात. ती नम्रपणे नाकारावी, गाडी उन्हात लावावी आणि कोणाला काही वाळवायचे असेल तर आधी ताडपत्री अंथरून द्यावी, असे नानांनी शिकवले. आपले काम अडले म्हणून दुसऱ्याची मेहनत मातीत टाकू नये, हेही मी तिथेच शिकलो.

नाना आता पंच्याहत्तर वर्षांचे झाले. त्या दिवशी लस घेतलेली बाळे अंगणात धावू लागली आहेत. ती शाळेत जाताना, शिकून मोठी होताना नानांनी डोळे भरून पाहावीत, एवढे दीर्घ आणि निरोगी आयुष्य त्यांना लाभावे, ही आम्हा सर्वांची मनापासूनची इच्छा.