कमावलेला केक

दर शनिवारी सकाळी कार्ल्सरूहेच्या आमच्या ट्राम स्टॉपवर एक जर्मन आजोबा दिसायचे. उन्हाळ्यात गुडघे उघडे, हिवाळ्यात नाकापर्यंत कानटोपी. पाठीवरची सॅक आणि हातातल्या दोन काठ्या मात्र बारा महिने. निघालेले असायचे जवळच्याच डोंगरावर, पण थाट हिमालयाचा. मी त्याच ट्रामने भारतीय दुकानात समोसे आणायला जायचो.

जानेवारीत एकदा बर्फ पडत होता. न राहवून मी विचारलं, "आजही डोंगर?"

"गेनाऊ! अगदी बरोबर! वरच्या हॉटेलात सफरचंदाचा केक मिळतो."

"तो तर समोरच्या बेकरीतही मिळतो की!"

"मिळतो. पण इथे तो मी कमावलेला नसतो," असं म्हणून त्यांनी माझ्या रिकाम्या पिशवीकडे जरा कीव आल्यासारखं पाहिलं.

ते माझ्या मनाला चांगलंच लागलं. ट्राम सोडून मी त्या बर्फात दुकानापर्यंत चालत गेलो. पोचलो, तर समोसे संपलेले!

संध्याकाळी आजोबा परतताना भेटले, तेव्हा मी ही सगळी कर्मकहाणी त्यांना ऐकवली.

"आणि घरी येताना?" त्यांनी विचारलं.

"ट्रामने."

आजोबांनी सॅकमधून नॅपकिनात गुंडाळलेला केक काढला, नीट मधोमध मोडला आणि अर्धाच माझ्या हातावर ठेवला.