एडनच्या आखातातले पगारेकाका

पगारेकाका कुणाच्याही घरी गेले की चपला काढता काढता विचारायचे, "बाहेर पडायला दुसरा रस्ता कुठून हाय?" द्वारका चौकाजवळच्या आमच्या दोन खोल्यांना एकच दार होतं. ते कळल्यावर काका असे हळहळले की आईला उगाच अपराधी वाटलं. लग्नाला गेले तरी अक्षता हातात घेण्याआधी ते कार्यालयाची मागची दारं बघून यायचे. "जेवण कुठं बी मिळतं. पळायची जागा आधी बघावी," असं त्यांचं म्हणणं.

काका मालवाहू जहाजावर स्वयंपाकी होते. नव्वदच्या सुमारास एकलहऱ्याच्या वीजकेंद्राचं कँटीन सोडून ते समुद्रावर गेले. वर्षातले आठ-नऊ महिने पाण्यावर आणि उरलेले आमच्या शेजारी. शूर मात्र मुळीच नव्हते. द्वारकेचा चौक ओलांडताना माझं मनगट घट्ट धरायचे.

"काका, आखाती युद्धाच्या वेळी तुमची बोट तिथूनच गेली ना?"

"बोट कप्तानानं नेली. मी खाली कांदा चिरत होतो. आणि समुद्रात रिक्षा नसतात गं."

पुढे सोमालियातल्या यादवीमुळे एडनच्या आखातात चाच्यांचा सुळसुळाट झाला. काकांच्या जहाजाला त्याच वाटेनं जायचं होतं. व्यापारी जहाज, त्यामुळे बंदूक नाही. कठड्याला काटेरी तार आणि पाणी मारायचे पाइप, एवढाच बंदोबस्त. "माझ्याकडं लाटणं होतं," काका सांगायचे. ज्यांना जायचं नसेल त्यांनी आधीच्या बंदरात उतरावं, असं कप्तान म्हणाला, तेव्हा पहिला हात काकांनीच वर केला. बॅगही भरली. पण बदली स्वयंपाकी आलाच नाही. "बावीस माणसं काय खाणार? मंग राहिलो," एवढंच त्यांचं स्पष्टीकरण.

तिसऱ्या दिवशी भर दुपारी दोन वेगवान होड्या गोळ्या झाडत जहाजाला भिडल्या. ठरल्याप्रमाणे सगळे इंजिनरूममध्ये उतरले. आतून लोखंडी दार लावायचं आणि मदत येईपर्यंत उघडायचं नाही, असा बेत होता. तेवढ्यात काका परत वर पळाले. कप्तान शिव्या देत दार धरून उभा राहिला. काका परतले तेव्हा फुटलेल्या काचेनं त्यांच्या कानाची पाळी चिरली होती. दार लागलं. चाच्यांनी रात्रभर ते बडवलं, पण उघडलं नाही. सकाळी नौदलाचं जहाज आलं तेव्हा ते पळून गेले.

"पण वर गेलात कशाला?" आम्ही विचारायचो.

"डाळ शेगडीवर राहिली होती."

काकू हसून लोटपोट व्हायच्या. "घरी कधी उठून गॅस बंद केला नाही या माणसानं!"

दोनेक वर्षांनी त्याच जहाजाचे चीफ इंजिनीअर त्र्यंबकेश्वरला आले होते. वाट वाकडी करून ते काकांकडे आले. कोचीचे गृहस्थ, हिंदी मोडकंतोडकं. चहात साखर नको म्हणाले, म्हणून काकूंनी कारण विचारलं.

"शुगर है. उस दिन मेरा इन्सुलिन किचन के फ्रिज में रह गया था. पगारेजी गोली के बीच जाकर लाए. नहीं तो मैं उधर ही खतम."

काकूंच्या हातातली बशी तशीच राहिली. काका खिडकीबाहेर बघू लागले.

पाहुणे गेल्यावर काकूंनी विचारलं, "मला खोटं का सांगितलं?"

"खरं सांगितलं असतं, तर परत जाऊ दिलं असतं का तू? आणि गेलो असतो तरी तुला झोप लागली असती?"

पुढच्याच आठवड्यात काकांना जहाजावर रुजू व्हायचं होतं. बॅग पलंगाखाली तयार होती. काकूंनी ती ओढली, आतून पासपोर्ट काढला आणि कपाटातल्या शालूच्या घडीत ठेवून दिला. मी समोरच बसले होते. काकूंनी तो कुठं ठेवला ते काकांनी नीट पाहिलं. पण त्यानंतर तो कधी मागितला नाही, की काढून घेतला नाही.