मोऱ्याच्या लाँचीने खालच्या डिव्हिजनला

मी जग पाहिलेला माणूस आहे. जग म्हणजे पनवेल ते मुंबईचा भाऊचा धक्का, आणि तेही निम्मंच, कारण लाँचीत मला कायम इंजिनाजवळ बसवतात आणि तिथून दर्या दिसत नाही, नुसता ऐकू येतो.

त्या साली गौरी-गणपती बुडाले आणि लगेचच्या रविवारी आमच्या क्लबाची मुंबईत शेवटची मॅच होती. आमचा क्लब म्हणजे पनवेलच्या खाडीकाठची मिठागरातली पोरं. पावसात मिठागर बंद, लावणी उरकली की हात रिकामे. रिकाम्या हातांनी भांडणं करण्यापेक्षा पायांनी काहीतरी करा, म्हणून बेलपाड्याच्या हिराजीदादाने हा खेळ काढला. क्लबाचा कप्तान तोच. क्लबाचा फुटबॉल त्याच्या घरात खुंटीला, आणि क्लबातली भांडणं सोडवायला त्याची बायको. क्लबात माझं काम बुटांचं पोतं उचलायचं. गोली आजारी पडला तर बदली गोली मीच, म्हणून सगळा क्लब गोलीच्या तब्येतीला फार जपायचा.

हे बूट आमच्या मुळावर आले होते. आधी आम्ही खालच्या डिव्हिजनला होतो. तिथे अनवाणी खेळलेलं चालायचं. आमचे पाय मिठाने इतके निबर झालेले की विंचू चावला तर विंचवालाच वैद्याकडे न्यावा. मुंबईची पोरं आमच्या पायांना घाबरून बाजूला व्हायची. जिंकत जिंकत आम्ही वरच्या डिव्हिजनला गेलो, आणि तिथे नियम निघाला, बूट पाहिजेत. म्हशीला चोळी घातली तर ती जशी चालेल तसे आम्ही पळायला लागलो. तेव्हापासून हरतोय. आता शेवटची मॅच बरोबरीत सुटली तर वर राहणार, हरलो तर परत खाली.

पनवेलला एस.टी.त चढताना कळलं की पांडू गोली येत नाही. गौरीच्या तिखटाला त्याने मटणावर असा हात मारला होता की आता परसाकडे जाण्यापलीकडे त्याचा प्रवास नव्हता. हिराजीदादाने माझ्याकडे पाहिलं, मग आभाळाकडे पाहिलं.

"जोम्या," तो बोलला, "आज तू."

"दादा, एस.टी. अजून सुटली नाय. इचार कर."

"इचार केला. दुसरा कोन हाय?"

उरणच्या रस्त्याला दोन्ही बाजूंनी मिठागरं. पावसाचं पाणी भरलेलं, बांध तेवढे वर, बगळे उभे. हे बघितलं की मला जरा बोलावंसं वाटतं. मी दादाला बोललो, "खाली गेलो तर वाईट काय? परत अनवाणी खेळू. परत जिंकू. आपल्या मिठागरात बघ, पानी वरच्या वाफ्यातून खालच्या वाफ्यात सोडल्याबिगर मीठ धरतो काय? खाली जाण्यातच बरकत हाय."

मागच्या बाकावर गफूर होता, आमचा पनवेल बंदरावरचा. डाव्या बाजूने पळायला लागला की त्याची सावली मागे राहायची. बूट घालून पळता येणारा आमच्यात तो एकटा. तो हसला. "वा मियां! आज जोमा मौलवी झाला."

पण हिराजीदादा हसला नाही. तो खिडकीतून बाहेर बघत बोलला, "मीठ धरतो तो उनाने. पावसात पानी खाली सोडला तर ते पानीच ऱ्हातो. खाली गेलो ना जोम्या, तर बरी पोरं मुंबईवाले उचलतील. उरतील ती आपल्यासारखी. मंग कसला क्लब? मंग मी तो फुटबॉल फोडून टाकीन."

मी गप्प बसलो, यावरून गोष्ट किती गंभीर होती ते समजावं.

मोऱ्याला, म्हणजे उरणच्या बंदरात, पोचलो तर ओहोटी. ओहोटीला लाँच धक्क्याला लागत नाही. लांब उभी राहते आणि होडीने तिच्यापर्यंत जावं लागतं. होडी लागायच्या जागी सगळा गाळ. माझ्या डोक्यावर बुटांचं पोतं. कोळणी टोपल्या घेऊन फुलावरून चालल्यासारख्या होडीत चढल्या. मी एक पाय होडीत ठेवला, होडी पुढे गेली, दुसरा पाय मोऱ्यातच राहिला. मी मध्ये फाटलो. पोतं खाली, पोत्यावर मी, माझ्यावर एका कोळणीची निम्मी टोपली.

"मेल्या, डोले हायत का करवंदा?" ती ओरडली. मग मी गाळातून वर आलो तेव्हा माझं तोंड बघून तिचा राग गेला. "जाऊ दे रं, याला आदीच देवाने मारलाय."

लाँचीवर बूट दर्याच्या पाण्यात बुचकळून पिळले. ते वाळवायचे कसे? आम्ही मिठागरवाले. आम्हाला एकच गोष्ट येते, खारं पाणी उन्हात टाकायचं. सगळे बूट लाँचीच्या टपावर ओळीने मांडले. तांडेल (लाँच चालवणारा) बघत होता. त्याने विचारलं, "गोड्या पान्यात नाय काढले?" आम्ही बोललो, वाळले की झालं. त्या दिवशी ऊन असं कडक पडलं की आमची छाती फुगली. धक्का यायच्या आधी बूट वाळले. वाळले म्हणजे लाकूड झाले. वर पांढरा थर धरलेला. आयुष्यभर वाफ्यात मीठ पिकवलं, आज बुटात पिकवलं. मी एक बूट ठोकून बघितला तर दार वाजवल्यासारखा आवाज आला.

गफूर बोलला, "जोमामियां, तुझी बरकत आली बघ."

हिराजीदादाने आपला बूट उचलला, आत हात घातला, आणि टाचेची जागा चाचपून बघितली. त्याच्या टाचेवर मागच्या मॅचची जखम होती. ती अजून भरली नव्हती.

धक्क्यावर उतरून इराण्याकडे गेलो. घरून तांदळाच्या भाकऱ्या आणि सुकटीची (वाळवलेल्या बारीक कोळंबीची) चटणी आणली होती. ती इराण्याच्या टेबलावर सोडली तर शेजारचे दोन साहेब कप घेऊन उठले. मी ब्रून पाव मागवला. तो चहात न बुडवता चावला आणि दात हलला. पोरं हसली. मला बरं वाटलं. मॅचच्या आधी पोरं हसली पाहिजेत, आणि त्यासाठी क्लबाला माझ्यासारखा माणूस लागतो, असा माझा समज होता.

मैदान मोठं होतं. आमच्या बेलपाड्याच्या खळ्यासारखी दहा त्यात बसतील. समोरचा संघ एका कंपनीचा, सगळ्यांचे मोजे एका रंगाचे. आमच्यात कुणाचा मोजा कुणाच्या पायात होता ते देवाला ठाऊक. पण त्या दिवशी पोरं काय खेळली! मी खरं सांगतो, तसं मी परत पाहिलं नाही. मीठ धरलेले बूट पायांना काचत होते. पांढऱ्या बुटांवर लाल रंग चढायला लागला. हिराजीदादा लंगडत लंगडत प्रत्येक बॉलला आडवा जात होता. गफूर एकटा पुढे पळत होता. रेषेबाहेर एक टोपीवाला माणूस उभा होता. तो गफूर पळेल तिकडे तोंड फिरवत होता. मला तेव्हा वाटलं, माणूस खेळाचा शौकीन आहे.

माझ्याकडे बॉल फारसा आलाच नाही. आला तो खांबाला लागला, एकदा माझ्या पाठीला लागला. एकही गोल नाही. मॅच संपत आली. बरोबरी आमची होणार, आम्ही वर राहणार. आणि काय सांगू, सकाळी खाली जाण्याची बरकत सांगणारा मी, मलाच रडू यायला लागलं. मला खाली जायचं नव्हतं. दादाचं तोंड बघून माझी सगळी अक्कल फिरली होती.

तेवढ्यात त्यांच्या एकाने लांबून बॉल मारला. उंच, हळू, पिकल्या आंब्यासारखा. मी हात वर केले आणि तो माझ्या हातात आला. सुटला नाही! जन्मात पहिल्यांदा मी बॉल धरला. छातीशी घट्ट धरला. पोरं ओरडली, "मार, जोम्या, मार लांब!" मारायचा तर पळत येऊन मारावा, म्हणून जागा करायला मी मागे सरकलो. मिठागरात मीठ ओढताना आम्ही असेच मागे मागे जातो. डोळे पुढे, पाय मागे, मागे काय आहे ते बघायचं नसतं, बांध लागला की टाचेला कळतं. इथे बांध नव्हता. चुन्याची रेघ होती. बुटातल्या टाचेला ती काय कळणार? मी बॉलसकट दोन खांबांच्या आत गेलो, जाळी पाठीला लागली, तेव्हा थांबलो.

पंचाने शिटी मारली. मला वाटलं, मी धरला म्हणून मारली. मी हात वर करून दाखवला.

समोरची मोजेवाली पोरं एकमेकांना मिठ्या मारत होती. आमची सगळी माझ्याकडे बघत होती. कुणी शिवी दिली नाही. दिली असती तर मी त्याच्या पाया पडलो असतो.

मॅच संपल्यावर हिराजीदादा गवतात बसला आणि त्याने बूट काढले. पाय बघवत नव्हते. मी जवळ गेलो. काहीतरी बोलणं भाग होतं. "दादा," मी बोललो, "होतो ते बऱ्यासाठी. आता परत अनवाणी. पुडच्या साली बघ, कसे जिंकतो."

बाजूच्या टेबलावर लीगचा माणूस कागद आवरत होता. गळ्यात टाय, नाकावर चष्मा. त्याने मान वर केली. "अनवाणी? पुढच्या सालापासून खालच्या डिव्हिजनलाही बूट लागणार. तुम्हाला कुणी सांगितलं नाही का?"

वाईट माणूस नव्हता तो. त्याने आम्हाला पाणी पाजलं.

भाऊच्या धक्क्यावर परत आलो तेव्हा तो टोपीवाला माणूस तिथे हजर. गोदीतल्या एका संघाचा होता. त्याने गफूरला बाजूला नेला. मग गफूर हिराजीदादाकडे आला. खाली मान.

"दादा, कामावर घेतात. राहायला खोलीबी देतात. मी आज इथंच ऱ्हातो बोलतोय."

"घरी कोन सांगेल?"

"तुमी सांगा अम्मीला. तुमचा ऐकते ती." मग तो जरा थांबला. "दादा, आपन वर ऱ्हायलो असतो तर खुदाकसम नसतो गेलो."

हिराजीदादाने त्याच्या पाठीवर हात ठेवला. "बूट तुझेच घे. चांगल्या पान्यात भिजव आदी."

लाँच सुटली. गफूर धक्क्यावर उभा राहिला तो दिसेनासा होईपर्यंत. मला तो दिसला, कारण त्या दिवशी मला इंजिनाजवळ कुणी बसवलं नाही. मी कुठेही बसलो असतो तरी माझ्या बाजूची जागा रिकामीच राहिली असती. धाया नावाचा आमचा एक पोरगा दुसऱ्याला हळू बोलला, "सकाळधरनं हाच बोलत होता ना, खाली जाऊ, खाली जाऊ? मुद्दाम गेला बॉल घेऊन आत." त्याने हळू बोललेलं इंजिनाच्या वर ऐकू आलं.

हिराजीदादाने पिशवीतून फुटबॉल काढला. फोडला नाही त्याने. दोरी सोडली, आतल्या फुग्याचं तोंड मोकळं केलं आणि छातीशी दाबून हवा काढायला लागला. बराच वेळ ती निघत होती. मग त्याने त्याची घडी केली आणि पिशवीत तळाशी ठेवली.

मोऱ्याला आता भरती होती. लाँच धक्क्याला नीट लागली आणि मी कोरडा उतरलो.

एस.टी.त मी विचार करत बसलो. मला त्याची सवय नाही, त्यामुळे डोकं दुखलं. मला वाटायचं, वरून खाली आलो की आपण जुन्या जागी येतो. तेच अनवाणी पाय, तीच पोरं, तोच दरारा. पण आपण वर गेलो तेव्हा ती जागाही उठून कुठेतरी निघून गेली होती. खाली जाऊन सुधारलेला क्लब कुठे असेलही. असेल तर त्याच्याकडे गफूर राहिला असेल आणि गोली दुसरा असेल.

पनवेल आलं. स्टँडवर कंदील लागले होते. पोरं एकेक करून निघाली. हिराजीदादाला गफूरच्या घरी जायचं होतं. मी त्याच्या मागे गेलो. राहवेना. रस्त्यात त्याला थांबवला आणि गळ्याला हात लावला.

"दादा, आईची शप्पथ, पोरं बोलतात ते खोटा हाय. मी मुद्दाम नाय केला. मला वरच ऱ्हायचा होता."

हिराजीदादाने माझ्याकडे पाहिलं. राग नव्हता त्याच्या तोंडावर. नुसता थकला होता.

"माहीत हाय मला," तो बोलला. "मुद्दाम गोल सोडायला बी आदी गोली असावा लागतो."