आमच्या सोसायटीतली इजिप्तची राणी

मागच्या गणपतीत आमच्या मुलुंडच्या सोसायटीला इजिप्तचा किडा चावला. जिवंत देखावा ठरला: एका राणीचं आयुष्य आणि दफन. नवरा मेल्यावर या बाईने सरळ गादी बळकावली, खोटी दाढी लावून राज्य केलं आणि मेल्यावर दागिने, दारू, खाणंपिणं सगळं सोबत घेऊन थडग्यात गेली. झकास बाई!

राणी व्हायला सगळ्याच टपलेल्या, पण ऐन गणपतीत मेल्याचं सोंग कोण घेणार? कुंकू लावणारी एकही तयार होईना. मग अध्यक्षबाई आमच्याकडे आल्या आणि आईला म्हणाल्या, "काकू, तुम्ही झोपाल का पेटीत? तुम्हाला आता काय फरक पडतो?"

माझं डोकंच फिरलं. बाबा गेल्यापासून याच बाईने आईला एकदाही हळदीकुंकवाला बोलावलं नव्हतं. मी तिला दरवाजा दाखवणार, इतक्यात आई म्हणाली, "झोपते. पण आधी राणी म्हणून बसणार. हिरव्या बांगड्या, गजरा, लिपस्टिक, सगळं लागेल."

"अहो काकू, पण तुम्ही..."

"मग शोध दुसरी."

दुसरी होती कुठे? ती गेल्यावर मी आईवर उखडले. "अगं, अपमान करून गेली ती तुझा!"

"करू दे. मला नटायचंय गं."

देखाव्याच्या दिवशी आई सिंहासनावर बसली. कानापर्यंत काजळ, हातभर चुडा, हनुवटीला दोऱ्याने बांधलेली दाढी. काय दिसत होती! निवेदन माझ्याकडे होतं. "मग राणी आजारी पडली," मी माइकवर म्हटलं. आई ढिम्म. "राणी फारच आजारी पडली." आईने गजरा नीट केला. "अखेर राणीने प्राण सोडला!" मी जवळजवळ ओरडलेच. लोक फिदीफिदी हसायला लागले. पुठ्ठ्याची शवपेटी उघडून सेवक ताटकळत उभे.

पडद्याआडून अध्यक्षबाई दातओठ खात म्हणाल्या, "काकू, मरा ना!"

आईने दाढी खाली ओढली आणि भर मंडपात म्हणाली, "नवरा गेला तेव्हाच मारलंत की मला. आत्ता कुठे उठून बसलेय. जरा बसू दे."

मी माइक तोंडाशी धरून म्हटलं, "राणीने पुढे पुष्कळ वर्षं राज्य केलं."

सेवकांनी पेटी तशीच रिकामी उचलून आत नेली.