मागे केलेला हात

मैदानाचं फाटक उघडलं तेव्हा आत गुडघाभर गवत माजलं होतं. साथीने माणसांना घरात कोंडलं. गवताला कोण कोंडणार! शाळेच्या क्रीडाशिक्षिका, ज्यांना सगळ्या मुली नुसतं ‘बाई’ म्हणत, फाटकाशी ताप मोजायचं यंत्र घेऊन उभ्या राहिल्या आणि एकेकीच्या कपाळावर ते रोखू लागल्या.

“बाई, गोळी घालताय की काय?” शिडीने विचारलं. ही संघातली सगळ्यांत उंच, आणि तोंडानेही सगळ्यांच्या पुढे.

“मास्क नाकावर घे आधी. मग घालते.”

मुली हसल्या. मास्कमागचं हसू डोळ्यांवरून ओळखायची सवय एव्हाना सगळ्यांना झाली होती. भिंगरीचे डोळे मात्र हसले नाहीत.

भिंगरी ही बाईंची भाची, सख्ख्या भावाची मुलगी. घरात ती त्यांना ‘आत्या’ आणि ‘तू’ म्हणे, फाटकाच्या आत पाऊल टाकलं की ‘बाई’ आणि ‘तुम्ही’. हा नियम तिने लहानपणी स्वतःच घातला होता आणि कधी मोडला नव्हता.

बाईंचं लग्न झालं नाही, किंवा त्यांनी केलं नाही. समोरचा कोण आहे ते बघून त्या दोन्ही प्रकारे सांगत. भावाच्या घरात त्यांची मागची खोली होती. भाऊ शिंपी. पुढच्या खोलीतच त्याचं दुकान, त्यामुळे घरात शिरायचं तर अंगावरच्या चिंध्या झटकत शिरावं लागे. सगळी गल्ली त्याला टेलर म्हणून हाक मारी. दुकान उघडण्याआधी तो रोज मैदानावर येई आणि कडेच्या बाकड्यावर बसे. पण रिलेचा सराव सुरू झाला की त्याला बसवत नसे. भिंगरी तिसरा टप्पा धावायची, शेवटचा शिडीचा. भिंगरी बॅटन, म्हणजे रिलेची ती हातात द्यायची नळी, घेऊन शिडीजवळ आली की हा गडी आखलेल्या पट्ट्यांच्या बाहेरून चपला फटफटवत तिच्याबरोबर पळे आणि ओरडे, “हात! हात!”

खरं तर हे ओरडायचं असतं बॅटन आणणाऱ्या मुलीने. ते ऐकून पुढची मुलगी मागे न बघता हात मागे करते. मागे बघितलं की वेग मोडतो.

“दादा, ते तिने म्हणायचं असतं,” बाई सांगून सांगून थकल्या.

“मी म्हटलं तर तिचा श्वास वाचतो ना!”

साथीच्या पहिल्याच लाटेत टेलर गेला. बाकडं अजून तिथेच आहे. कुणी बसत नाही. मुली पाण्याच्या बाटल्यासुद्धा त्यावर ठेवत नाहीत, शेजारी मातीत ठेवतात. असं काही कुणी ठरवलं नव्हतं.

मैदान उघडल्यावर सुरुवातीला बॅटन वापरायची परवानगीच नव्हती. एकीच्या हातातली वस्तू दुसरीच्या हातात जायची नाही, असा नियम. मुली रिकाम्या हातांनी रिले धावत. मागची येई, पुढची हात मागे करी, आणि त्या हातात काही न येताच पळत सुटे. बाईंना ते बघवत नसे. तळवा उघडा, बोटं ताठ, कशाची तरी वाट बघणारी, आणि येत काहीच नाही. भिंगरी मात्र त्या दिवसांत झकास धावली.

मग परवानगी आली. दर वेळी बॅटन स्पिरिटने पुसायचं, एवढ्या अटीवर. आणि पहिल्याच सकाळी ते शिडीच्या हाताशी येऊन मातीत पडलं. पुन्हा पडलं. त्यानंतर रोज पडू लागलं.

“अगं, मला देतेस की हवेला?” शिडी करवादली. “मी हात काय शोभेला मागे करते?”

भिंगरीने बॅटन उचललं, पुसलं आणि परत आपल्या जागेवर गेली.

बाईंनी सगळे उपाय केले. शिडीची सुरुवातीची खूण मागे घेतली, पुढे घेतली. डावा हात, उजवा हात. शेवटी त्या नुसत्या बघत उभ्या राहिल्या आणि तेव्हा त्यांना दिसलं, की चूक शिडीची नाहीच. बॅटन समोरच्या तळव्याला टेकण्याआधीच भिंगरीची बोटं उघडत होती. साथीच्या आधी या मुलीबद्दलची तक्रार नेमकी उलटी असे. बॅटन दिलं तरी ती सोडायची नाही. शिडीला ते अक्षरशः हिसकावून घ्यावं लागे.

त्या दिवशी फाटकातून बाहेर पडल्या पडल्या भिंगरी म्हणाली, “आत्या, मला संघातून काढ.”

“चार दिवस बॅटन पडलं म्हणून?”

“मला नाही यायचं आता मैदानावर.”

बाईंना संघाचं एवढं पडलं नव्हतं. धावायला दुसरी मुलगी मिळाली असती. पण बाप गेल्यापासून ही पोर घराबाहेर पडत होती ती फक्त मैदानासाठी. शाळा मोबाइलवर, मैत्रिणी मोबाइलवर. मैदान सुटलं की दार बंद, आणि ते मग कुणी उघडायचं?

दुपारी वहिनी शिवणयंत्राशी बसल्या होत्या. टेलर गेल्यावर दुकान त्याच चालवत. भिंगरीच्या बनियनवरचा क्रमांक एका बाजूने उसवला होता.

“जरा सुईत दोरा ओवून दे गं,” त्या म्हणाल्या. “मला दिसतंय कुठे!”

भिंगरी जागची हलली नाही. आईने पुन्हा सांगितलं तेव्हा तिने सुई घेतली, दोऱ्याचं टोक कात्रीने तिरपं कापलं, आणि बऱ्याच खटपटीने ओवलं. आईने हात पुढे केला. तो पोचण्याआधीच भिंगरीची बोटं उघडली. सुई यंत्राच्या फळीवर पडली आणि घरंगळत फरशीवर गेली.

दारात उभ्या असलेल्या बाईंनी ते पाहिलं. बोटं तशीच उघडली होती, सकाळी मैदानावर उघडत होती तशी.

टेलरची नजर कमजोर होती. सुया ओवायचं काम भिंगरीचं. अभ्यास करता करता ती दोऱ्याचं टोक ओठांत ओलं करी, सुईत घाली आणि बापाच्या हातात देई. साथीत टेलरने गल्लीसाठी मास्क शिवायला घेतले, तेव्हा तर दिवसभर तिच्या ओठांवर दोरा असे. सगळ्या गल्लीची तोंडं झाकायला शिवत बसलेल्या त्या घरात, ओठ लावलेल्या दोऱ्याचा विचार कुणाच्याच डोक्यात आला नाही. ताप आधी भिंगरीला आला. मग टेलरला.

भिंगरी मागच्या खोलीत निघून गेली होती. बाई तिच्याजवळ जाऊन बसल्या.

“दोऱ्यामुळे ना?”

भिंगरीने आपल्या बोटांकडे पाहिलं. मग म्हणाली, “मी दिलं, आणि बाबांनी घेतलं.”

“तुझ्यामुळे नाही झालं, असं मी म्हणणार नाही. मला माहीत नाही. कुणालाच कळणार नाही ते, कधीच.”

मुलीने चमकून वर पाहिलं. आजवर प्रत्येकजण ‘नाही गं बाळा’ म्हणून मोकळा झाला होता.

“पण त्याच दिवसांत तुझ्या हातचा चहा मी रोज प्यायले,” बाई म्हणाल्या. “हात तोच होता. मी आहे ना इथे?”

“तू नशीबवान.”

“असेन. मग उद्या बॅटन शिडीला नको, मला दे.”

“आत्या, तुझे गुडघे बघ.”

“मी पळणार नाही. नुसती उभी राहीन.”

दुसऱ्या दिवशी मुली यायच्या आधी दोघी मैदानावर होत्या. धुकं जमिनीलगत अडकून होतं. बाईंनी बॅटन पुसून भिंगरीला दिलं आणि शेवटच्या टप्प्याच्या खुणेवर पाठ करून उभ्या राहिल्या.

“मी हात काढणार नाही,” त्या म्हणाल्या, “आणि मागे बघणार नाही.”

लांबून बुटांचा आवाज सुरू झाला. तो वळणावर आला, जवळ आला, आणि एकदम थांबला. बाईंनी हात मागे केला होता. तळवा गार पडत चालला. स्पिरिटचा वास येत होता, म्हणजे मुलगी हाताच्या अंतरावर होती. खांदा अवघडला तरी बाई हलल्या नाहीत.

“जमत नाही, आत्या.” मैदानावर ती पहिल्यांदाच ‘आत्या’ म्हणाली.

“मग परत मागे जा, आणि परत ये.”

पावलं लांब गेली. पुन्हा सुरू झाली. या वेळी वळणानंतर बाईंना बुटांच्या जोडीने आणखी काहीतरी ऐकू आलं, पट्ट्यांच्या बाहेरून, बाकड्याच्या बाजूने. फट, फट, फट. ओल्या गवतावर चपला वाजाव्यात तसं. त्यांच्या मानेवर काटा आला. मान वळवावी असं इतकं वाटलं, की त्यांनी डोळे मिटून घेतले.

“हात!”

आवाज भिंगरीचा होता. फाटलेला, पण तिचाच.

बॅटन तळव्यावर आपटलं. बाईंनी बोटं मिटली. दुसऱ्या टोकाला मात्र मुलीची पकड सुटेना.

“सोड आता,” बाई म्हणाल्या.

“थांब ना जरा.”

दोघी तशाच उभ्या राहिल्या, एकच बॅटन दोघींच्या मुठीत. फाटकाशी शिडीचा आवाज आला. ती कुणाला तरी हसवत होती. बाकड्याच्या बाजूचं गवत हललं आणि शांत झालं.

“आत्या,” भिंगरी अगदी हळू म्हणाली, “तुला पण ऐकू आलं?”

बाईंनी मागे वळून पाहिलं नाही. बॅटन घट्ट धरलं, आणि मान हलवून हो म्हटलं.