विट्याचा बारीक आस

लढाईवरून परतलेला सयाजी कडेगावच्या हंबीररावांचा शर्यतीचा छकडा हाकायचा. लागोपाठ दोन मैदानं विट्याच्या छकड्यानं मारली, तेव्हा हंबीररावांनी सुताराकडून हुबेहूब तसलाच हलका छकडा करवून घेतला. चाकांचा आसही तेवढाच बारीक.

"आवं मालक, त्यांचा गाडीवान काडीसारखा हाय. मी हा असा धिप्पाड!" सयाजी म्हणाला.

"त्यांचा टिकतोय, मग आपला का न्हाई टिकायचा?"

मैदानात बैल उधळल्यासारखे सुटले आणि पहिल्याच खड्ड्यात पायाखाली कर्र असा आवाज झाला. सयाजीनं ओळखलं, आस चिरला. आस मोडला तर आपण थेट चाकाखाली जाणार. कासरा ओढून थांबावं, तर मागचा छकडा अंगावर येत होता. तो बायकोचं, अंजनाचं नाव पुटपुटत तसाच बसून राहिला.

छकडा पहिला आला. गुलाल उधळला. सयाजीनं खाली वाकून पाहिलं, तर आसाला चांगली बोटभर चीर गेली होती.

"नवा घालू, तसलाच!" हंबीरराव हसत म्हणाले.

सयाजीनं चाबूक त्यांच्या हातात दिला. पुढं जन्मभर त्यानं उसाच्या गाड्या हाकल्या. शर्यतीला कुणी नुसतं बघायला बोलावलं, तरी त्याच्या तोंडचं पाणी पळायचं.